घरी जायचं बटण

नव्या टॉवरचा ताबा मिळाला त्या दिवशी राजश्री पाईकराव पहिल्यांदा लिफ्टमध्ये शिरल्या. सवयीप्रमाणे त्यांनी दाराशेजारची भिंत चाचपली, तर बोटांखाली काच आली. गार, गुळगुळीत, सपाट काच. कुठे उठाव नाही, खाच नाही, कड नाही. बटणं वर असतील म्हणून त्यांनी हात वर नेला, खाली असतील म्हणून खाली आणला. मागे उभं असलेलं कुणीतरी हसलं.

"अहो मॅडम, सगळे मजले लागले की!"

राजश्रीताईंना दिसत नाही. शोधायचं म्हणजे त्यांना हात लावावा लागतो, आणि या काचेला हात लावला की तो मजला लागतो. म्हणजे शोधणं आणि दाबणं यात फरकच उरला नव्हता. लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबली, दुसऱ्यावर थांबली, तिसऱ्यावर थांबली. त्यांचं घर सतराव्यावर.

"टच पॅनल आहे," सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर वैद्य कौतुकाने म्हणाले. "फाइव्ह स्टार हॉटेलात असतं ना, तसं. बिल्डरने आपल्याला एकदम प्रीमियम दिलंय."

त्या दिवशी राजश्रीताई गप्प बसल्या. नवं घर होतं, पेढे वाटले जात होते. उद्या बोलू म्हणून त्या गप्प बसल्या, आणि पुढे कित्येक दिवस त्यांना त्याचाच राग येत राहिला.

गप्प बसणं हा खरं तर त्यांचा स्वभाव नव्हे. हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात त्या जन्मल्या. पोरवयात गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. गावातली शहाणीसुरती माणसं वडिलांना, रावसाहेबांना सांगू लागली, पोरीला घरात ठेवा, दोन घास घाला, आता तिचं काय होणार. रावसाहेब शाळेत शिपाई होते. शिकलं पाहिजे ही गोष्ट त्या घरात भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीइतकीच पक्की होती. त्यांनी लेकीचा हात धरला, एस.टी.त बसवलं आणि थेट अंधशाळेच्या दारात नेऊन उभं केलं. आई सुंदराबाई फाट्यापर्यंत रडत आली होती. रावसाहेब तिला म्हणाले होते, "रडून तिला दिसणार हाय का? शिकून तरी काही दिसंल."

ब्रेल शिकून, परीक्षा देऊन राजश्रीताई मुंबईला आल्या आणि फोर्टातल्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर झाल्या. निवृत्त होईपर्यंत त्या बोर्डावर बसल्या. साहेबांनी "हॅलो" म्हटलं की आज घरी भांडण करून आलेत की जेवण जड झालंय हे त्यांना कळायचं. स्वतःच्या पगारातून त्यांनी सानपाड्याला दोन खोल्यांचं घर घेतलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्या जिन्याने त्यांचं कधी काही अडलं नाही. जिना फसवत नाही. पायरी संपली की मजला आला. भाजी, बँक, दवाखाना, वाशीला मैत्रिणीकडे, सगळीकडे त्या पांढरी काठी घेऊन एकट्या जात. लग्न केलं नाही, त्याबद्दल कुणी विचारलेलं त्यांना चालत नसे.

आणि यंत्रांची त्यांना भीती नव्हती, उलट हौस होती. स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा फोन आल्यापासून त्यांचं जगणं बदललं होतं. लाइटबिल त्या फोनवरून भरत, गोळ्यांच्या पाकिटासमोर कॅमेरा धरून नाव ऐकत, नोट किती रुपयांची ते ऐकत. फोनचा आवाज त्यांनी इतका भरधाव करून ठेवला होता की ऐकणाऱ्याला वाटावं, टेपमध्ये उंदीर अडकलाय. मधुमेहाने नुकतीच नजर गेलेल्या माणसांना त्या रोज दुपारी फोनवरूनच फोन वापरायला शिकवत. घणसोली गावातले एक हौसेराव पाटील पहिल्या दिवशी ढसाढसा रडले होते. आता ते नातवाला सकाळचे मेसेज पाठवून हैराण करतात.

म्हणून सानपाड्याची ती जुनी इमारत पाडून टॉवर बांधायचं ठरलं त्या मीटिंगमध्ये राजश्रीताईंनी उभं राहून विचारलं होतं, "लिफ्ट असेल, ती मला एकटीला वापरता येईल ना?" बिल्डरचा माणूस म्हणाला होता, "मॅडम, तुमच्यासाठी तर सगळं अगदी आधुनिक." टाळ्याही पडल्या होत्या.

आधुनिक ते हे.

सुरुवातीला निदान लिफ्ट बोलत होती. दार उघडलं की एक बाई इंग्रजीत मजल्याचा आकडा सांगे. त्या आवाजावर राजश्रीताई निभावून नेत. हात फिरला की सगळे मजले लागत, पण सतरावा आला की कळे. मग लिफ्टशेजारच्या फ्लॅटमधल्या कुणाच्या तरी बाळाची झोपमोड व्हायला लागली. तक्रार आली, कमिटीने आवाज बंद केला. कमिटीत सातजण होते. त्यातल्या एकालाही सतराव्यावरची बाई आठवली नाही.

शेजारच्या फ्लॅटमध्ये मालतीबाई राहत. त्या इथल्याच, सानपाडा गावच्या. भातशेती होती तेव्हा गुडघाभर चिखलात उभं राहून रोपांची आवणी केलेली बाई. आता जमिनी गेल्या, मुलाने टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि आईला वर आणून ठेवलं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. आयुष्यभर राबून बोटं अशी सुकून गेली होती की काचेला ती बोटं कळतच नसत. मालतीबाई दाबून दाबून थकत, पदराने काच पुसत, बोटाला थुंकी लावत, आणि लिफ्ट ढिम्म.

"मी मेले का काय गो?" त्या एकदा राजश्रीताईंना म्हणाल्या. "या मशीनला मी हाय का नाय तेच कलत नाय."

दोघींनी मग जोडी जमवली. मालतीबाई आकडा बघून राजश्रीताईंचा हात धरून काचेवर नेत आणि राजश्रीताईंचं बोट टेकवत. "तुजा बोट, माजा डोला," मालतीबाई हसत. सगळ्या टॉवरला याचं फार कौतुक. कुणी फोटो काढला, कुणी "किती गोड" म्हटलं. राजश्रीताई ओठ घट्ट मिटून उभ्या राहत. मालतीबाईंवर त्यांचा जीव होता, पण भाजीला जायचं तर आधी मालतीबाईंची आंघोळ झाली का विचारायचं, परत यायचं तर त्यांच्या मुलाच्या घरी फोन करायचा, हे त्यांना गिळवत नव्हतं. मराठवाड्यातल्या खेड्यातून मुंबईत एकटी आलेली बाई साठी ओलांडल्यावर शेजारणीच्या आंघोळीसाठी थांबू लागली होती.

मालतीबाई चार दिवस करावे गावाला लेकीकडे गेल्या तेव्हा व्हायचं ते झालं.

राजश्रीताई औषधं घेऊन परत आल्या. लिफ्टमध्ये एकट्याच. हात फिरवला, सगळे मजले लागले, त्या एकेक थांबा मोजू लागल्या. मध्येच कुठेतरी कुणीतरी आत आलं, फोनवर मोठमोठ्याने बोलत राहिलं आणि उतरलं. त्यात एक थांबा मोजायचा राहिला किंवा जास्त मोजला गेला. त्या उतरल्या. डावीकडे वळल्या, भिंतीला हात लावत आपल्या दाराशी आल्या आणि कुलूप चाचपू लागल्या. दाराला आकडे दाबायचं डिजिटल कुलूप होतं. आपलं नव्हे हे कळेपर्यंत त्याने भोंगा वाजवायला सुरुवात केली होती.

दार उघडलं. "कोण आहे? काय करताय?" एक माणूस ओरडला. मग काठी दिसली असावी, कारण आवाज एकदम मऊ झाला. "अरे, बिचाऱ्या... या, या काकू, बसा. पाणी देऊ? कुणी आहे का सोबत?"

ओरडला तोवर ठीक होतं, असं राजश्रीताई नंतर सांगत. चोर समजला असता तरी चाललं असतं. चोर म्हणजे निदान काही करू शकणारं माणूस. पण त्या माणसाने दंडाला धरून त्यांना लिफ्टपर्यंत आणलं, सतराव्यावर सोडलं, किल्ली हातातून घेऊन कुलूपही स्वतः उघडलं, आणि जाताना सोबत वर आलेल्या आपल्या बायकोला म्हणाला, "यांच्या घरच्यांना काही वाटत नाही का?"

दारामागे उभ्या राहून राजश्रीताईंनी तो प्रश्न ऐकला. त्यांनी रागाने कडी लावली.

तासाभरात फोन बोलायला लागला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज येत होते, आणि फोन इमानाने एकेक, शेवटच्या चित्रांसकट, वाचून दाखवत होता. आपण जिच्याबद्दल लिहितोय ती बाईही याच ग्रुपवर आहे आणि तिचा फोन बोलतो, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"आज आमच्या दारात प्रकार झाला. सगळ्यांनी काळजी घ्या. जोडलेले हात."

"अशा लोकांना एकटं राहू देणं रिस्की आहे. उद्या गॅस लीक झाला तर पूर्ण टॉवरला टेन्शन. घाबरलेला चेहरा."

"सहमत. लिफ्टपण रोज प्रत्येक मजल्यावर थांबते, ऑफिसला लेट होतं. रागावलेला चेहरा."

"माणुसकी म्हणून काही तरी केलं पाहिजे. लाल हृदय, लाल हृदय."

राजश्रीताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग फोनवर बोलून एकच ओळ पाठवली: "मी राजश्री पाईकराव, मी हे सगळं ऐकते आहे, आणि माझ्या गॅसची नळी मी दरवर्षी बदलते, तुम्ही बदलता का?"

बऱ्याच वेळाने कुणीतरी गुड नाइट लिहिलं.

कमिटीने माणुसकी दाखवायची ठरवली ती राजश्रीताईंना न विचारताच. यापुढे त्यांनी खाली आल्यावर वॉचमनला सांगायचं, वॉचमन त्यांना वर सोडेल. बाहेर जायचं असेल तर आधी इंटरकॉम करायचा. आणि श्यामसुंदर वैद्यांनी कुठून तरी नंबर मिळवून पुण्याला त्यांच्या भाचीला, शर्मिलाला फोन केला.

"आत्या, अगं ते किती चांगलं बोलत होते," शर्मिला म्हणाली. "तुझीच काळजी आहे त्यांना. तू माझ्याकडे ये ना राहायला. इथे मी आहे, हे आहेत. कशाला हट्ट?"

"हट्ट काहून म्हणतीस गं?" राजश्रीताई रागावल्या की हिंगोली बाहेर येई. "तुझ्या लिफ्टची बटणं उद्या कुणी छतावर लावली तर तू काय करशील? माझ्याकडे राहायला येशील?"

"आत्या, ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? सांग."

शर्मिला म्हणाली, निदान घरात एक कॅमेरा तरी लावू या, मी इथून बघत जाईन. राजश्रीताईंनी फोन ठेवला. आजवर त्यांनी शर्मिलाचा फोन असा कधी ठेवला नव्हता.

त्याच संध्याकाळी त्यांनी दिव्यांगांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कार्यालयाला फोनवर बोलून ईमेल लिहिली. एकही विनंतीचा शब्द घातला नाही. बोलून दाखवताना फोन सपाट आवाजात वाचतो, पण त्या आवाजातही ती ईमेल तापलेली वाटत होती.

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वॉचमनला हाक मारणं बंद केलं. त्या लिफ्टमध्ये जात, काचेवर हात फिरवत, आणि लिफ्ट जिथे थांबेल तिथे थांबू देत. शंका आली की दाराबाहेर डोकं काढून मोठ्याने विचारत, "हा कितवा मजला?" मुद्दाम काही करत नव्हत्या. लिफ्ट त्यांना जशी वापरू देत होती तशी त्या ती वापरत होत्या. सकाळच्या घाईत बॅगा, डबे आणि हेल्मेटं घेतलेली माणसं पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या व्हरांड्याकडे बघत चडफडत उभी राहत. कुणी खाकरत, कुणी घड्याळाचा पट्टा ओढत. राजश्रीताईंना सगळं ऐकू येत होतं.

सुनावणीची नोटीस आली त्या दिवशी श्यामसुंदर वैद्य तळमजल्यावर त्यांची वाट बघत होते. दोघं एकदमच लिफ्टमध्ये शिरले. राजश्रीताईंनी हात फिरवला.

"मॅडम, मी दाबलं असतं ना," वैद्य म्हणाले.

"आज दाबलं असतं. उद्या?"

दार मिटलं. पहिल्या मजल्यावर उघडलं. कुणी नव्हतं.

"हे काय केलंत तुम्ही? सोसायटी म्हणजे एक फॅमिली. घरातली गोष्ट बाहेर कशाला न्यायची?"

"घरातली?" राजश्रीताई म्हणाल्या. "मला माझ्या घरात जाता येत नाहीये, वैद्यसाहेब. मी बाहेरच आहे. म्हणून बाहेर नेली."

दुसरा मजला. तिसरा.

"वॉचमन दिलाय ना तुम्हाला? अजून काय करायचं? सगळा टॉवर तुमच्या मदतीला तयार आहे."

"तुम्ही तुमच्या घरी जाताना कुणाची मदत मागता?"

"मला दिसतं, मॅडम."

"तुम्हाला दिसतं म्हणून बटणांवर दिवे लावलेत. माझ्यासाठी उठाव लावा. तुमच्या दिव्यांना कुणी मदत म्हणत नाही, माझ्या उठावाला का म्हणता?"

सहाव्यावर जिमला निघालेला एक मुलगा आत यायला गेला, आतला आवाज ऐकून मागे सरला आणि जिन्याने गेला. आठव्यावर एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती. "परत सगळे मजले?" ती त्रासून म्हणाली.

"हो, परत," राजश्रीताई म्हणाल्या. "यांना विचारा का ते. हे सेक्रेटरी आहेत."

ती बाई आली नाही. दार मिटलं. वैद्यांचा श्वास जोरात चालला होता.

"बाकीचे म्हातारे लोक कसं ॲडजस्ट करतात?" ते म्हणाले. "त्यांची कुणाची तक्रार नाही."

"तुम्ही दुपारी लॉबीत बसून बघा. मी बसते. बाराव्या मजल्यावरचे धनाजीराव हात थरथरतो म्हणून वर जाणाऱ्या माणसाची वाट बघत बसतात, आणि कुणी विचारलं तर सांगतात, पेपर वाचतोय. मालतीबाईंचं बोट काचेला लागत नाही. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही असं नव्हे. लाज वाटते त्यांना. मला नाही वाटत. लाज तुम्हाला वाटायला पाहिजे."

तेरावा. चौदावा. वैद्यांना सोळाव्यावर उतरायचं होतं. सोळावा आला, दार उघडलं, तरी ते उतरले नाहीत. दार मिटलं आणि ते सतराव्यावर येऊन पोहोचले.

"तुमचा मजला गेला," राजश्रीताई म्हणाल्या आणि काठी टेकत बाहेर पडल्या.

सुनावणी व्हिडिओवर झाली. मालतीबाई हट्टाने शेजारी खुर्ची टाकून बसल्या. बिल्डरच्या वकिलाने सांगितलं की काचेचं पॅनल हे उच्च प्रतीचं आहे, बटणांचं साधं असतं. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी विचारलं, बटणांचं पॅनल या लिफ्टला बसतं का? लिफ्ट कंपनीचा इंजिनीअर म्हणाला, बसतं, पहिल्यापासून बसत होतं, कुणी मागितलंच नाही.

कुणी मागितलंच नाही! राजश्रीताई खुर्चीतून उठल्याच. "मी मागितलं होतं. भर मीटिंगमध्ये उभं राहून मागितलं होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

मग मालतीबाई पुढे झुकल्या. कॅमेरा कुठे आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी आपली दहाही बोटं पसरून पडद्याला लावली. "बघा, बाय," त्या अधिकारी बाईंना म्हणाल्या. "ह्या बोटांनी मी भात लावला, पोरं वाढवली. ह्या बोटांनी आता मना वर जाता येत नाय. हा कनचा न्याय?"

टॉवरच्या तिन्ही लिफ्टमध्ये बटणं बसवायची आणि मजला सांगणारा आवाज मराठीत सुरू करायचा, असा आदेश झाला. पुढे पत्रव्यवहार झाला, मुदतवाढी झाल्या, चालढकल झाली. राजश्रीताई दर सोमवारी वैद्यांना फोन करत आणि तेवढं एक वाक्य विचारून ठेवून देत: "बसली का?" शेवटी एका लिफ्टमध्ये बटणं बसली. बाकीच्या दोन "प्रोसेसमध्ये" आहेत.

मेकॅनिक काम आटोपून हत्यारं गोळा करत होता तेव्हा राजश्रीताई आत शिरल्या. बोटं बटणांवरून फिरली. आकडे उठावदार होते, घट्ट होते, हात लावला तरी लागत नव्हते, दाबल्यावरच लागत होते. मग आकड्याशेजारच्या ब्रेलच्या ठिपक्यांवर बोट गेलं आणि त्या थांबल्या. परत वाचलं. त्यांना हसू आलं आणि त्या हसण्यातच संताप होता.

"दादा, ही ब्रेलची पट्टी उलटी लावलीय. वरची बाजू खाली."

"होय का? मला वाटलं, डिझाइन आहे."

"डिझाइन नाही, माझी अक्षरं आहेत. काढा आणि सुलटी लावा. मी इथेच उभी आहे."

त्याने लावली. त्या शेवटच्या ठिपक्यापर्यंत वाचून बाहेर पडल्या.

कमिटीने रविवारी लॉबीत छोटा कार्यक्रम ठेवला. "दिव्यांगस्नेही सोसायटी" असा फलक लागला, फुलांची रांगोळी आली, राजश्रीताईंच्या हस्ते फीत कापायची असं परस्पर ठरलं. वैद्यांनी आमंत्रणाचा फोन केला तेव्हा त्यांच्या आवाजात खरंच ओशाळेपणा होता, हे राजश्रीताईंना कळलं. इतकी वर्षं बोर्डावर बसलेल्या बाईला ते कळणारच. तरी त्या नाही म्हणाल्या. "उरलेल्या दोन लिफ्टची फीत कापायला येईन," म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या वेळी राजश्रीताई सेक्टरच्या बाजारात होत्या. मेथी निवडून घेतली, लिंबं दाबून बघितली, भाववाढीवरून भाजीवाल्याशी वाद घातला. तिथेच शर्मिलाचा फोन आला.

"आत्या, अभिनंदन! ग्रुपवरचे फोटो मला पाठवले वैद्यांनी. जिंकलीस शेवटी. झालं ना मनासारखं?"

राजश्रीताईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"अभिनंदन कशाचं गं?" त्या म्हणाल्या. "सगळे असंच म्हणायला लागलेत. मी काय मिळवलं? मेथी घेतली आणि आता घरी चाललेय. एवढ्यासाठी मला सरकारपर्यंत जावं लागलं, याची तुम्हाला कुणालाच चीड येत नाही का?"

शर्मिला हळूच म्हणाली, "येते, आत्या. आता येते आहे."

"मग ठीक," राजश्रीताई म्हणाल्या. "दिवाळीत ये राहायला. कॅमेरा आणू नको."

काठीने फुटपाथची कड शोधली आणि त्या चालू लागल्या.